उसना ओढा

उंब्रजात एक म्हातारा होता. घर भोयाचं. कृष्णेवर पूल थोडे आणि नावा जास्त होत्या, तेव्हा त्याच्या बापानं माणसं, शेरडं, नवऱ्यामुली या तीरावरून त्या तीरावर नेल्या. यानं जाळ्यावर संसार ओढला. आता गुडघे गेले होते आणि जाळं माळ्यावर पडलं होतं. बोधकथेतल्या माणसांना नावं नसली तरी भागतं. घरातले त्यांना आबा म्हणत, आपणही आबाच म्हणू. त्यांची नात त्या वर्षी नववीत होती.

पाण्याच्या बाबतीत उंब्रजला देवानं हात आखडता घेतलेला नाही. कराडच्या अलीकडे, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून हे गाव. पश्चिमेच्या डोंगरातून आलेली तारळी इथं कृष्णेला मिळते, चाफळवरून येणारी मांडही इथंच येते. समर्थ रामदास चाफळहून कृष्णेच्या स्नानाला इथं येत असं सांगतात. त्यांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजच्या मठात आहे. एवढं पाणी असलेल्या गावाला मरळ कळते, वाम कळते, बाजारातला रोहू-कटला कळतो. डोंगराकडच्या ओढ्यातल्या बोटभर माशांना मात्र कुणी हिशेबात धरत नाही. पोरं ते डब्यात भरून आणतात, थोडे ताटात जातात आणि उरलेले संध्याकाळपर्यंत कोंबड्या खातात.

पुण्याच्या मामानं घर बदललं, तेव्हा त्याची काचेची पेटी उंब्रजला आली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. सोबत पिशवीभर निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि बुडबुडे सोडत तोंड उघडणारी एक कवटी. माशाला कवटी कशाला दाखवायची हे मला आजवर कळलेलं नाही. नातीनं पेटी धुतली, पुसली आणि कराडच्या दुकानातून गोल्डफिश आणायचं ठरवलं.

आबा ओट्यावरून म्हणाले, “आपल्या वड्यातलं ठेव की.”

“आबा, ते काळे-पांढरे असतात.”

“कुठं बघितलंस?”

“ताटात.”

“मेल्याचा रंग बघून जित्त्याची पारख करतीस व्हय गं?”

फाल्गुनातल्या एका सकाळी ते तिला तारळीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर घेऊन गेले. गाडी डांबरीवर सोडली, पुढं चालत. म्हाताऱ्याचे गुडघे आणि पोरीचा धीर एकाच वेळी संपत आले होते. एका उंबराची मुळं पाण्यात उतरली होती, तिथं आबांनी तिला कातळावर पालथं झोपायला लावलं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, बोलायचं नाही, हात हलवायचा नाही. पहिली पाच मिनिटं पाण्यात दगडांशिवाय काही नव्हतं. मग एका दगडाचा तुकडा हलला. तो दगड नव्हता, मळ्या होता. तोंड खाली करून कातळावरचं शेवाळ खरवडत प्रवाहाच्या उलट सरकत होता, आणि एवढ्या धारेत जागचा ढळत नव्हता. वाळूवर वाघासारखे पट्टे ओढलेला मुरे मिशांनी काहीतरी चाचपत होता. मुळांच्या आडोशाला खवल्यांची झुंबड होती, अंगावर दोन काळे ठिपके असलेल्या. त्यांतल्या दोन नरांच्या बाजूंना तांबूस झाक चढली होती. आणि धारेच्या ऐन मध्यभागी निळ्या-पिवळ्या रेघांचे मासे थव्यानं एकाच दिशेला तोंड करून पोहत होते, पोहत होते आणि जागेवरच होते. उन्हाचा कवडसा पडला की त्या निळ्या रेघा पेटायच्या.

नात उठली तेव्हा तिच्या हनुवटीला कातळाची खरबरीत नक्षी उठली होती. गोल्डफिशचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

आबांनी मात्र दोन अटी घातल्या. पहिली: आदी पाणी, मागनं मासा. दुसरी: मासं उसनं आणायचं. आता ओढा आटत चाललाय. वैशाखात त्याची डबकी होतील, डबक्यातले मासे बगळे आणि खंड्या खातील नाहीतर ऊन खाईल. त्या मरणाऱ्यांतले थोडे आणू. मृग लागला, ओढा वाहता झाला, की जिथलं तिथं परत. खेड्यात उसनवारीचा कायदा कुठं लिहिलेला नसतो, पण तो पाळत नाही त्याच्या घरी चहाची साखरही कुणी देत नाही. नातीनं दोन्ही अटी कबूल केल्या.

पहिली अट वाटली त्यापेक्षा जड निघाली. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना हे कळलं आणि त्यांनीही त्यात हात घातला. त्यांनी आधी वजनाचा हिशेब मांडून दाखवला: पेटीत पावणेदोनशे लिटर पाणी, म्हणजे पावणेदोनशे किलो, वर दगड, वाळू आणि काच. मामानं पाठवलेलं लाकडी टेबल त्याखाली मोडलं असतं. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं लोखंडी घोडा करून दिला, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोल, म्हणजे काचेखाली खडा राहून तडा जायला नको. दगड काळे, झिजलेले, ओढ्याच्या काठाचे घेतले. त्यांतल्या प्रत्येकावर लिंबू पिळून पाहिलं. ज्यावर फेस आला त्यात चुना, तो दगड बाद, कारण चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाणी जड करतो. मोठे धोंडे आधी तळावर बसवले आणि मग वाळू ओतली. उलटं केलं तर मुरे धोंड्याखालची वाळू उकरतो आणि धोंडा त्याच्यावरच बसतो. निळे-गुलाबी खडे आणि कवटी माळ्यावर जाळ्याशेजारी गेली.

खरी करामत धारेची. साध्या पेटीत पाणी गोल गोल फिरतं. ओढ्यात ते एका दिशेनं जातं आणि ओढ्याचा मासा त्या दिशेवर जगतो. सरांनी पाहिलेल्या एका रचनेप्रमाणे वाळूखाली पीव्हीसी पाइप अंथरले. एका टोकाला स्पंज, दुसऱ्या टोकाला पाणी ढकलणारे दोन छोटे पंप. पंप उजवीकडून पाणी सोडतात, ते पेटीभर डावीकडे वाहतं, स्पंजातून गाळलं जाऊन पाइपात शिरतं आणि वाळूखालून परत उजवीकडे येतं. डोंगरी ओढ्यांतले मासे पाळणारे छंदी लोक जगभर अशी पेटी करतात. हे सगळं साहित्य उंब्रज-कराडात नळाच्या सामानाच्या दुकानात मिळतं, हे सांगायला हवं, कारण आपल्याकडे छंद म्हटला की लोक आधी खर्च विचारतात.

पाणी भरलं. पंप सुरू झाले. धोंड्यांवरून धार वाहू लागली, जांभळाची वाळकी पानं तळाला बसली, पेटी देखणी दिसू लागली. आणि मग काहीच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, मासा नाही. शेजारपाजारचे डोकावून जात. एकानं विचारलं, “पानी पाळलंय व्हय आबा?” आबा म्हणाले, “व्हय. इतबारी जनावर हाय.”

त्यामागचं कारण सरांनी नातीला वहीत लिहून दिलं होतं. माशाच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया सुटतो. तो माशाला विष. ओढ्यातल्या दगडांवर, वाळूच्या कणाकणावर चिकटलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मात्र बरंच सोसतं, आणि झाडं, शेवाळ ते खाऊन टाकतात. हे जिवाणू नव्या पेटीत नसतात. स्पंजावर, वाळूत त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यांना उपाशी ठेवून चालत नाही; म्हणून बिनमाशाच्या पेटीतही रोज चिमूटभर खाद्य कुजायला टाकायचं. दुकानातून पेटी आणि मासे एकाच दिवशी घरी आणणाऱ्यांचे मासे आठवड्यात का उलटतात, त्याचं हे उत्तर आहे. दुकानदार ते सांगत नाही. त्याला पुढच्या आठवड्यातही मासे विकायचे असतात.

या रिकाम्या महिन्यात नातीनं दुसरं काम केलं. आबा जी नावं घेत, ती पुस्तकात शोधू लागली, आणि तिला ती सापडली. कर्नल विल्यम साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनभर फिरला. इथल्या माशांची त्यानं १८३९ च्या सुमारास शास्त्रीय वर्णनं छापली, तेव्हा कोळ्या-भोयांच्या तोंडची नावंच लॅटिन नावांना जोडून दिली. मळ्याचं शास्त्रीय नाव त्यामुळे आजही ‘गारा मुल्या’ आहे आणि मुरेच्या नावात ‘मुरे’ आहे. आबांना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “त्यानं भोयाला मासं किती रुपयानं घेतलं, ते लिवलंय का?” ते लिहिलेलं नव्हतं. पण नातीला आता मळ्या काय खातो, किती गार आणि किती वाहतं पाणी मागतो, हे आबांच्या नावावरूनच शोधता येऊ लागलं. सरांनी तिला आंबोलीची गोष्टही सांगितली: हिरण्यकेशीच्या उगमापाशी मुरेच्याच गोतातला एक बोटभर मासा २०२० साली नवी जात म्हणून नोंदला गेला, आणि पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. बोटभर माशासाठी सरकार हलतं हे ऐकून घरातली मोठी माणसं जास्त चकित झाली.

चैत्र संपताना ओढ्याची डबकी झाली. त्यांतल्या सगळ्यात उथळ डबक्यातून, घोटाभर कोमट पाण्यातून, आबांनी ओंजळीनं मासे काढले. जाळं नेलंच नव्हतं. चार मळ्या, चार मुरे, सहा खवल्या, निळ्या-पिवळ्या रेघांचे आठ पट्टेवाले. नातीला आणखी हवे होते. आबा म्हणाले, “उसनं वाटीनं आनत्यात गं, पोत्यानं न्हाई.” मरळीच्या गोतातला एक वीतभर मासाही हाताला लागला, तो त्यांनी खालच्या खोल डोहात सोडला, तो बाकीच्यांना खाऊन पेटी एकट्याची करणार होता.

त्यानंतरचे काही आठवडे त्या घरात टीव्ही लागला नाही. पट्टेवाल्यांनी पहिल्याच तासात धार ओळखली आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. वर जाळीचं झाकण होतं म्हणून, नाहीतर दोघं खाली फरशीवर आले असते. मळ्यांनी धोंडे वाटून घेतले आणि हद्दीवरून भांडू लागले. पेटी बघायला गल्ली लोटली. ज्या बाया जन्मभर हे मासे मीठ-हळद लावून परतत आल्या, त्या काचेला नाक लावून बसल्या. एक आजी म्हणाली, “आगं बया, ह्येला पापनी न्हाई तरी बगतोय कसा!” आयुष्यभर खाल्लेली गोष्ट तिनं पहिल्यांदा पाहिली होती, आणि मला वाटतं, पेटीचा खरा उपयोग एवढाच आहे. देखणेपणा हा वरकड लाभ.

वैशाख तापला. पेटीतलं पाणी तिशीच्या वर जाऊ लागलं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मुरतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तीस अंशांना साडेसात. गार, खळाळत्या पाण्याच्या माशाला हा फरक जिवावरचा. नातीनं टेबलफॅन पेटीवर लावला, वाफेनं पाणी दोन-तीन अंश उतरलं. मग एका रात्री वळीव आला. सोसाट्याचा वारा, गारा, आणि वीज गेली ती गेलीच. पंप बंद, पंखा बंद. धार थांबली आणि पेटी एकदम मुकी झाली. तासाभरात पट्टेवाले पाण्याच्या पृष्ठावर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. मळ्यांनी धोंडे सोडले, हे वाईट लक्षण.

आबांनी तांब्या घेतला. पेटीतून भरायचा, हात उंच करायचा आणि बारीक धारेनं परत ओतायचा. पडताना पाणी हवा घेतं. तांब्यामागून तांब्या. आबांचा खांदा भरला की नात, नातीचा भरला की तिची आई. रात्री दहाला सुरू झालेलं हे काम तांबडं फुटेपर्यंत चाललं. मध्येच कधीतरी, मेणबत्तीच्या उजेडात, अर्धवट झोपेत नात म्हणाली, “आबा, ओढ्यात हे कोण करतं?”

“धोंडं करत्यात,” आबा म्हणाले. “फुकाट. आन् आपुन तेच धोंडं ट्रॅक्टरनं उचलून बांधकामाला लावतुया.”

सकाळी वीज आली. एकही मासा मेला नाही.

मेला तो नंतर, आणि विजेनं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मामा आला. रिकाम्या हातानं कसा येणार? पिशवीत पाणी आणि पाण्यात दोन जोड्या गप्पींच्या, रेशमी शेपट्यांच्या, लाल-जांभळ्या. आबा त्या दिवशी मसूरला लग्नाला गेले होते. नवा मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचा, हे सरांनी वहीत ठळक लिहिलं होतं, आणि नातीनं ते मामाला सांगितलंही. मामा हसला. “अगं, गप्पी तर आरोग्य खात्याची माणसं गटारात सोडतात डासांसाठी. तिला काय होतंय?” त्यानं पिशवीची गाठ सोडली आणि पाण्यासकट पेटीत ओतली. प्रेमानं ओतली, हे मुद्दाम सांगतो. गप्पी दक्षिण अमेरिकेकडची. तिला काही होत नाही हे मामाचं म्हणणं अगदी खरं होतं. ती काय घेऊन आली, हा प्रश्न त्यानं विचारला नाही.

आठवड्याच्या आत एका मुरेच्या अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. हा एका परजीवीचा रोग. तो माशाच्या कातडीखाली घर करतो, फुगतो, गळून वाळूत पडतो, तिथं फुटतो आणि शेकडो पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात सुटतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच. बारीक खवल्यांच्या मुरेला रोग लवकर धरतो आणि औषध सोसत नाही. सरांनी सांगितलं ते सगळं झालं: रोज वाळूतला गाळ नळीनं ओढून काढला, रोज पाणी बदललं, बेतानं मीठ घातलं. मुरे चारही गेले. दोन खवल्या गेल्या. मळ्या आणि पट्टेवाले तगले. गप्पींना काहीच झालं नाही. उलट त्या व्याल्या.

आबा मामाला काही बोलले नाहीत. बहिणीच्या घरी प्रेमानं आणलेल्या वस्तूबद्दल बोलायची पद्धत नाही.

मृग लागला. आठवडाभर हुलकावणी देऊन पाऊस आला, ओढ्याला लाल पाणी चढलं. आबांनी बादली काढली, घासली, ओट्यावर ठेवली आणि नातीला हाक मारली. “चल. उसनं फेडायचं.”

नात दारात उभी राहिली. हलली नाही.

“आबा, न्हाई द्यायचं.”

म्हाताऱ्याला आधी वाटलं, पोरीचा जीव जडला. जडलाही होता. पण ते कारण नव्हतं. सरांशी तिचं बोलणं झालं होतं. जे मासे तगले ते बरे दिसत होते, पण रोगातून उठलेला मासा अंगावर तो बाळगून असू शकतो. आणि हा एक रोग दिसला म्हणून कळला, दुकानाच्या पाण्यातून न दिसणारं आणखी काय आलंय ते कुणी सांगावं? वरच्या ओढ्यातल्या माशांनी हे पाणी कधी चाखलेलं नाही. त्यात गप्पीचं एखादं डोळ्याएवढं पिल्लू बादलीतून गेलं, तर ती वेगळी कथा. तिलापिया १९५२ साली आपल्या देशात आणला गेला, तोही चांगल्या हेतूनं. आज कुठल्याही धरणावर जाऊन जाळ्यात काय येतं ते बघावं. घरात मोठा झालेला, म्हणून नदीत सोडून दिलेला काचा साफ करणारा सकर मासा आता भीमेच्या पाण्यातही मासेमारांची जाळी फाडतोय.

“मी शबूद दिलाय,” आबा म्हणाले.

“कुणाला?”

“वड्याला.”

“मग त्याचंच भलं बघा. शेजारणीकडनं ज्वारी उसनी आणली आणि आपल्या घरात तिला सोंडे झाले, तर ती तशीच नेऊन तिच्या कणगीत ओताल का तुम्ही?”

आबा बादलीशेजारी बसले. पाऊस पडत होता. जन्मभर ज्यानं कुणाचं उसनं ठेवलं नाही, त्याला शाळकरी पोर सांगत होती की या वेळी ठेवून घेणं हेच इमान आहे. बराच वेळ ते बोलले नाहीत. चहा आला, निवला, त्याच्यावर साय धरली. मग त्यांनी बादली उपडी केली.

“मग फेडायचं कशानं?”

याचं उत्तर नातीकडे नव्हतं. ते आबांकडेच होतं. चाळीस-पन्नास वर्षं ते त्यांना ठाऊक होतं, फक्त त्या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. मृगाच्या पहिल्या पाण्याला मासे प्रवाहाविरुद्ध डोंगराकडे चढतात. पोटं गाभोळीनं भरलेली असतात. वरच्या उथळ, ताज्या पाण्यात अंडी टाकायची असतात. ही चढण. आणि चढणीचा मासा म्हणजे आमच्याकडे जिभेचा सण. गाव मोऱ्यांना, बांधांना टोपल्या आणि जाळ्या लावतं, रात्रभर कंदील आणि बॅटऱ्या घेऊन बसतं. अंड्यांसकट मासा खाल्ला की पुढच्या सालचा मासाही त्याच घासात गेला. काही ठिकाणी तर ब्लिचिंग पावडर टाकून ओढा एका रात्रीत साफ करतात. त्या लोकांबद्दल इथं काही लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत.

त्या ओढ्यावर रस्त्याची मोरी आहे, तीन नळ्यांची. तिन्ही नळ्यांना पोरांनी जाळ्या लावल्या होत्या. आबा छत्री घेऊन मोरीवर जाऊन बसले. नात दप्तर घेऊन शेजारी. एकेकाला थांबवून म्हणत, “दोन लावा रे. मधली सोडा. तेवढं वर जाऊ द्या.”

पोरं हसली. त्यांतला एक जरा धीट होता. “आबा, तुमी काय कमी गाभोळी खाल्ली व्हय?”

“लई खाल्ली,” आबा म्हणाले. “म्हनून तर बसलोय. ती बी उसनीच हुती.”

यावर पोरं गप्प झाली, एवढं खरं. पुढं सगळं गोड झालं असं नाही. दोन रात्री मधली नळी मोकळी राहिली. तिसऱ्या रात्री आबांचा गुडघा धरला, ते घरी राहिले, आणि सकाळी नातीनं पाहिलं तर तिथं पुन्हा जाळी होती. तिनं ती काढली नाही. गावातल्या पोरीनं दुसऱ्याच्या जाळीला हात लावणं साधं नसतं. ती जाळीवाल्याच्या घरी गेली आणि त्याला पेटी बघायला बोलावून आली. तो आला, बराच वेळ पट्टेवाल्यांकडे बघत बसला, चहा पिऊन गेला. काही कबूल केलं नाही. चौथ्या रात्री मधली नळी मोकळी होती. कुणी सोडली ते कुणी विचारलं नाही.

आता दरवर्षी मृगाला आबा तिथं बसतात. कधी नळी मोकळी राहते, कधी नाही. पेटी अजून त्या घरात आहे. नात दर रविवारी पाव हिस्सा पाणी बदलते आणि काढलेलं पाणी गटारात न टाकता परसातल्या नारळाला घालते, कारण गटार ओढ्याला, ओढा तारळीला आणि तारळी कृष्णेला जाते. गप्पींसाठी वेगळी बरणी आहे. त्यांचं कुटुंब वाढतंच आहे. मळ्यांनी धोंड्यांवर आपल्या हद्दी कायम ठेवल्या आहेत. ते मरेपर्यंत तिथंच राहतील, आणि त्यांच्या जागी नवे आणायचे नाहीत असं आजोबा-नातीचं ठरलं आहे.

हे वाचून कुणाला असा ओढा घरात आणावासा वाटला, तर जरूर आणावा. फक्त कोयना, चांदोली किंवा कुठल्याही राखीव जंगलातून खडासुद्धा उचलू नये, जून-जुलैत जाळं घालू नये, आणि पाण्याला महिनाभर मुकाट पाळावं. आणि ज्यांच्या घरात आधीच दुकानातले मासे आहेत, त्यांना ते नकोसे झाले तर दुकानदाराला परत द्या, मित्राला द्या, शाळेला द्या. ओढ्यात सोडू नका.